मानशीची दुसरी चावी

मोटर चालू-बंद करायला दोन बटणं पुरतात, एक हिरवं आणि एक लाल. मग त्यासाठी एवढी मोठी पेटी कशाला, असं गिऱ्हाईक मला नेहमी विचारायचं. चाळीस वर्षं मी अशा पेट्या बनवल्या. आधी गोव्यात पाळी गावच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये, आणि खाणी बंद पडल्यावर डिचोलीत स्वतःच्या दुकानात. आमच्या भाषेत त्या पेटीला पॅनल म्हणतात आणि मला मेस्त, म्हणजे मिस्त्री.

पेटीच्या आत काय असतं ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावाचून कळणार नाही. हिरवं बटण दाबलं की आत कॉन्टॅक्टर नावाचा एक जाडजूड विजेचा स्विच खट्कन ओढला जातो आणि मोटरला वीज मिळते. बटणावरून बोट काढलं तरी तो ओढलेलाच राहतो, कारण त्याचाच एक छोटा संपर्क त्याला धरून ठेवतो. वीज गेली की ती पकड सुटते. वीज परत आली तरी मोटर आपणहून फिरत नाही. पुन्हा कोणीतरी येऊन, बघून, बटण दाबायचं. हळर्णच्या एका गिरणीवाल्याला हे फार जाचायचं. दिवसातून पाच वेळा वीज जायची आणि पाच वेळा उठावं लागायचं. त्यानं हिरव्या बटणात बांबूची कामटी ठोकून ते कायमचं दाबून टाकलं. एकदा वीज नसताना तो पट्टा साफ करत होता आणि वीज आली. हात वाचला, सदऱ्याची बाही गेली. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "मेस्ता, तुझी मशीन बरोबर नाय." मी गिरणीत जाऊन कामटी काढली. असे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत पाहुण्यांना ते सांगून मी हसवतोही. ही गोष्ट मात्र मी घरीसुद्धा कधी सांगितली नव्हती.

पेडणे तालुक्यात खाडीकाठी एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. तिथली भातशेती खाजनात, म्हणजे खाडीच्या भरतीच्या पातळीहून खाली. मध्ये मातीचा बांध आणि बांधात एक दार. त्या दाराला मानस म्हणतात. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दार उघडून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीच्या आधी दार बंद करायचं. दार वेळेवर बंद झालं नाही तर खारं पाणी शेतात शिरतं. सगळ्या गावाचं भात त्या एका दारावर.

पूर्वी तिथं लाकडी झडप होती. ती कुजली तेव्हा शेतकऱ्यांच्या संघटनेनं लोखंडी दार बसवलं, जाड आट्याच्या दांड्यावर वरखाली होणारं. पण ते हातानं फिरवायला दोन माणसांचा दम निघायचा. म्हणून अध्यक्ष गोविंदबाब माझ्या दुकानात आले. "मेस्ता, मोटर बसवया. बटण दाबला की वयर, बटण दाबला की खाली. आणि अशी कर की चूक होवक नको."

मोटर उलट फिरवणं सोपं असतं. तीन तारांपैकी दोनांची अदलाबदल केली की ती उलट फिरते. त्यासाठी दोन कॉन्टॅक्टर लागतात, आणि दोन्ही एकाच वेळी ओढले गेले तर मोठा भडका होतो. म्हणून एक ओढला असताना दुसऱ्याची वाट तोडून ठेवायची. दार पूर्ण वर पोचलं की एक दांडी दाबली जाऊन मोटर थांबते, खाली टेकलं की दुसरी. इथपर्यंत कोणीही चांगला वायरमन करील. मला त्याहून जास्त हवं होतं. भरती चढली की दार आपोआप बंद व्हावं आणि पाणी उतरेपर्यंत कोणी बटण दाबलं तरी ते उघडू नये, असं माझ्या मनात होतं.

भरती कधी चढते ते मला कळत नव्हतं. ते धाकूभाऊंना कळायचं.

धाकूभाऊ त्या मानशीचे राखणदार. त्यांच्याआधी त्यांचे वडील होते. साठी ओलांडलेला काटकुळा माणूस, कमरेला पंचा, बोलणं मोजकं. मी तीन दिवस त्यांच्याबरोबर बांधावर बसलो. मानशीच्या दगडी भिंतीवर एका रेषेत कालवं चिकटलेली होती. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, "हेच्या वयर पाणी इला की दार बंद होवक व्हया. हेच्या खाली आसा तवसर भियाचा नाय." मी विचारलं, बोटभर वर घेतलं तर चालेल? ते म्हणाले, "बोटभर वयर घेतलंस तर खालच्या कुणग्यांनी खारा जातला. थंय माझो झिल पिकयता."

कुणगा म्हणजे शेताचा वाफा. त्यांचा मुलगा संतोष खालच्या कुणग्यांत कोरगुट पिकवायचा, खाजनातलं आमचं जाड लाल भात.

त्या कालवांच्या रेषेवर मी फ्लोट बसवला. पाण्याबरोबर वर येणारा पोकळ गोळा, आणि तो वर आला की आतला स्विच दाबला जातो. पण लाट आली की गोळा उगाच उचलायचा आणि दार धडधडायचं. म्हणून घरी बसून एक छोटं इलेक्ट्रॉनिक कार्ड तयार केलं. एक कपॅसिटर, दोन-चार रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर, आणि रिले नावाचा एक छोटा विजेचा स्विच. कपॅसिटर हळूहळू भरतो आणि तो पुरता भरल्यावरच रिले ओढला जातो. गोळा तेवढा वेळ सलग वर राहिला तरच कार्डाला पटायचं की ही लाट नव्हे, भरती आहे. खाणीत मी मोठमोठी कामं केली, पण हातानं सोल्डर केलेल्या या तळहाताएवढ्या कार्डाचा मला जास्त अभिमान होता. पहिल्या उधाणाला सगळा गाव बांधावर आला. पाणी रेषेला लागलं, क्षणभर काहीच झालं नाही, मग खट् आवाज झाला आणि दार आपोआप खाली उतरलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. धाकूभाऊ दार टेकेपर्यंत वाकून बघत होते. मग म्हणाले, "बरोबर येळार केल्यान."

पुढे महिन्याभरात संघटनेनं त्यांना सांगितलं की आता बांधावर झोपायला यायची गरज नाही. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा, बाकीचं मशीन बघतं.

आता मंगेशबद्दल. मानशीपाशी जाळं लावून मासे धरायचा हक्क दर वर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. तो हक्क नेहमी मंगेशकडेच जायचा. ठेकेदाराला पाणी आतबाहेर खेळलेलं हवं असतं, त्याबरोबर चोणक, शेवटे असे मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. शेतकऱ्याला खारं पाणी नको असतं. म्हणून करार असा की कापणी होईपर्यंत दाराला ठेकेदारानं हात लावायचा नाही. मंगेशचा बर्फाचा कारखानाही होता. त्या कारखान्यातली सगळी पॅनलं माझी, दुरुस्तीही माझ्याकडे. खाणी गेल्यावर माझं दुकान त्याच्यावरच उभं होतं म्हटलं तरी चालेल.

एक दिवस तो म्हणाला, "मेस्ता, तो गोळो अडाकलो तर? पावसाचा पाणी आत तुंबला आणि दार उघडलाच नाय तर शेत कुसतला मा? एक चावी बसव. गोळ्याक बाजूक करून दार उघडाची."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अशी सोय असते, आम्ही ती करतोही. गोविंदबाबही हो म्हणाले. एका तारेचं काम. चावी फिरवली की फ्लोटचं कोणी ऐकत नाही. बाजारात अशी चावी मिळते जी चालू असताना भोकातून निघतच नाही. म्हणजे ज्यानं फिरवली त्याची चावी तिथंच अडकून राहते आणि सगळ्यांना दिसते. ती मागवायला आठवडा लागला असता. माझ्या खणात साधी होती, दोन्हीकडून निघणारी. मी ती बसवली. या कामात मी केलेल्या चुकांपैकी ही पहिली.

दोन चाव्या होत्या. एक धाकूभाऊंना दिली, त्यांनी ती करगोट्याला बांधली. दुसरी गोविंदबाबांची. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मी खंय येव तेच्यासाठी? तू बर्फाच्या कारखान्यात जातसच मा, मंगेशाकडे दी. तो माका पावयतलो." मी ती मंगेशच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती उचलून खिशात टाकली आणि मला चहा मागवला. ठेकेदाराच्या खिशात मानशीची चावी जाऊ नये हे मला कळत होतं. मी चहा प्यालो.

त्या वर्षी भात छान होतं. चवथ झाली. चवथीत लोक मासे खात नाहीत आणि ती सरली की मासळीवर उड्या पडतात. नेमकं त्याच आठवड्यात पौर्णिमेचं उधाण आलं, आणि भाताच्या लोंब्यांत दाणा भरत होता.

धाकूभाऊ सकाळी फेरीला गेले तेव्हा दार पूर्ण वर होतं आणि खाजनात खाडी भरली होती. चावीचं भोक चालू बाजूला फिरलेलं, आत चावी नाही. त्यांनी करगोट्याची चावी सोडली आणि भोकात घालून फिरवली. फ्लोट आधीच वर होता. दार खाली आलं. पण आत आलेलं पाणी सुकतीला सोडेपर्यंत मीठ मातीत मुरलं. चार दिवसांत लोंब्या पांढऱ्या पडल्या.

देवळाच्या मंडपात सभा बसली. मला जाणकार म्हणून बोलावणं आलं. गोविंदबाब मधे, मंगेश दोन रांगा सोडून खांबाला टेकून, धाकूभाऊ पुढे, उभे. मागे संतोष.

"मेस्ता, चावी नसताना भरतीक दार उघडता?" गोविंदबाबांनी विचारलं.

"नाय."

"चाव्यो किती?"

"दोन."

"कोणाकडे दिलंस?"

गोविंदबाब माझ्याकडे सरळ बघत होते. मंगेश माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, तो मोबाईल बघत होता.

"एक धाकूभाऊंकडे," मी म्हटलं. "एक संघटनेकडे."

"संघटनेची माझ्या कपाटात आसा," गोविंदबाब म्हणाले.

धाकूभाऊंनी सदरा वर करून करगोटा दाखवला. "माझी हंय आसा. ती खंय गेली नाय. चावयेचा भोक फिरवलेला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघलंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "तूच फिरवलंस आसतलंस. वय झाला, विसारलंस." कोणी हसलं नाही, ते मला हसण्यापेक्षा वाईट वाटलं. धाकूभाऊंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मागे वळून मुलाकडे बघितलं. संतोष उठला आणि निघून गेला.

धाकूभाऊंना मानशीवरून काढलं.

मी स्वतःला सांगितलं की मी खोटं बोललो नाही. चावी संघटनेसाठीच दिली होती, वाटेत कोणाच्या खिशात राहिली ते मला काय ठाऊक. अशी वाक्यं मी पुष्कळ दिवस मनात घोळवली. ज्यासाठी गप्प बसलो ते कामही टिकलं नाही. पुढच्याच वर्षी मंगेशनं कारखान्यात बेळगावहून तयार पॅनलं आणली आणि माझ्या पेट्या भंगारात घातल्या. मला कळवलंही नाही. दारावरच्या शिपायानं सांगितलं.

खाजनात पुढच्या पावसात मोजक्याच लोकांनी पेरलं. मीठ पुरतं धुतलं गेलं नव्हतं, रोप पिवळं पडलं. त्यापुढच्या वर्षी कोणीच पेरलं नाही. आता करारातल्या कापणीच्या अटीला काही अर्थ उरला नाही. चावी फिरवून ठेवून दार बारा महिने उघडं असतं आणि मंगेशचं जाळं बारा महिने लागतं. मी केलेलं पॅनल अजून चांगलं चालतं. एकदाही बिघडलं नाही.

तीन वर्षांनी दुकान बंद केलं आणि मोकळा झालो तेव्हा पहिल्यांदा गोविंदबाबांच्या घरी गेलो. ओटीवर बसून सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते.

"माका म्हायत होता मेस्ता," ते म्हणाले. "मीच तुका फोनार सांगल्लंय मा? चावी माझ्याकडे कधी इलीच नाय."

"मग सभेत कपाटात आसा म्हणून कित्या सांगलास?"

"तू मंगेशाचा नाव घेवक नाय म्हणून. तू बोलतलंस असा माका वाटल्ला."

इतकी वर्षं ते मला खोटं पाडतील म्हणून मी त्यांना घाबरलो होतो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

धाकूभाऊ तेव्हा खाडीकाठच्या एका बंगल्याच्या फाटकावर राखणदार होते. मालक वर्षातून दोनदा येणार, फाटक सरकतं, मोटरीचं. निळा गणवेश त्यांच्या अंगावर ढगळ होत होता. खुर्चीशेजारी भिंतीला दोन बटणं, उघड आणि बंद. मी उभ्यानंच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुका काय वाटला, माका कळला नसात? मंडपात तुझा तोंड बघलंय तेवाच कळला."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"माझा कोण ऐकतला? तू मेस्त. मानस गेली तेचा काय नाय. पण संतोषाक अजून वाटता, बापूस दार उघडा टाकून झोपलो. तीन वर्षां तो माझ्याकडे बोलूक नाय. एका घरात रवतो. जेवण मधल्या दारात ठेवता सून."

संतोष आता टॅक्सी चालवतो. मी त्याला पेडण्याच्या स्टँडवर गाठलं. गाडीचं दार उघडं ठेवून तो ऐकत होता. मी म्हटलं, "तुझो बापूस विसारलो नाय. दुसरी चावी मी मंगेशाक दिली."

स्टिअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "माका एकट्याक सांगून काय उपेग? मंडपात सगळ्यांच्या फुडे सांगलास तसा मंडपात सांगा. मी येतंय."

मी गेलो. त्या वर्षीच्या पावणीची सभा होती. संतोष मागच्या रांगेत आला होता. मंडपावर नवे पत्रे चढले होते, मंगेशनं दिलेले. परवानगी मागून मी उभा राहिलो आणि सांगितलं, चावी कोणाच्या सांगण्यावरून कोणाच्या हातात दिली आणि मी कोणत्या कारणानं गप्प बसलो. गोविंदबाब म्हणाले, "असो फोन इल्लो म्हणून माका काय याद नाय." मंगेश म्हणाला, "तीन वर्षांनी उपरती झाली काय मेस्ताक?" तेव्हा मात्र काही जण हसले. एका म्हातारीनं विचारलं, "रे, मग तेवा कित्या बोलूक नाय? माझी पाच कुणगी होती." गोविंदबाबांनी वही उघडली आणि पुढचा विषय घेतला. पावणी मंगेशलाच गेली. बाहेर येऊन बघतो तर संतोषची टॅक्सी निघून गेली होती. मला वाटलं, इथंही काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकूभाऊंचा फोन आला.

"मेस्ता, काल संतोष इल्लो. फाटकार. जेवणाचो डबो घेऊन इलो."

"काय म्हणाला?"

"काय नाय. बसलो माझ्या बाजूक. माझा जेवान होईसर बसलो. रिकामो डबो घेऊन गेलो. आज परत इलो."

माझे डोळे भरले. "बरं झालं, धाकूभाऊ," मी म्हटलं. "एक दिवस येतो भेटायला."

पलीकडे फाटक सरकल्याचा आवाज तेवढा आला.

"नको मेस्ता," ते म्हणाले. "तू सांगलंस ता बरा केलंस. पण हंयसर येव नको. तुका बघलंय की माका तो मंडप दिसता."

त्यांनी फोन ठेवला. त्या रस्त्यानं मी आता जात नाही. पेडण्याला काम निघालं तर दुसऱ्या वाटेनं, लांबून वळसा घालून जातो.